महादेवाचा चर

"ओलांडायचा नाही हं तो. वळसा घालून जायचं."

लग्नानंतरच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी मला सांगितलं ते एवढंच. माझ्या हातात ओल्या कपड्यांची बादली होती. मागच्या दारापासून बारा पावलांवर कपडे वाळत घालायची तार होती आणि मधे, बाग कापत गेलेला, वीतभर रुंदीचा एक चर. मी उचललेला पाय तसाच मागे घेतला.

"महादेवाचं पाणी जातं त्यातून," त्या म्हणाल्या. "देवळात आपण पिंडीची पन्हळ ओलांडतो का?"

नाही ओलांडत. अर्ध्यातून मागे फिरतो. हे मला सांगायची गरजच नव्हती. माहेराहून मी फारसं काही आणलं नव्हतं, पण सोमवार, प्रदोष, एकादशी आणि सकाळची पूजा होईपर्यंत मौन, एवढा ऐवज घेऊन आले होते. स्वयंपाकघराच्या भिंतीलगत प्राजक्ताचं झाड, झाडाखाली काळीभोर, गुळगुळीत पिंडी, आणि तिथून निघालेला चर थेट मागच्या कंपाउंडपर्यंत. भिंतीला खाली एक भोक होतं, त्यातून पलीकडच्या ओढ्यात. मी पिंडीला हात जोडले, बादली उचलली आणि घराला वळसा घालून, फाटकासमोरून, जाईच्या मांडवाखालून तारेपाशी पोचले.

पुढची अकरा वर्षं मी असेच कपडे वाळत घातले. लोक एवढ्या प्रदक्षिणांत मोक्ष मिळवतात.

आमची शिक्षक कॉलनी मिरजेच्या बाहेर, उसाचं रान मोडून पाडलेल्या प्लॉटांवर. माती अशी काळी की एकदा पाणी आत घेतलं की परत सोडायचं नाव नाही. आमचे हे हायस्कुलात गणित शिकवायचे. माझं नाव वैजयंती, घरात वैजू. ह्यांनी मी लिहिलेलं आजवर काहीही वाचलेलं नाही, एकदा किराण्याची यादी वाचली होती तीही अर्धीच. त्यामुळे पुढचं सगळं मी निर्धास्तपणे लिहिते आहे.

तर त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत ह्यांनी एक गणित मांडलं.

"वैजयंती, कपड्यांच्या, भांड्यांच्या मिळून दिवसाला चार फेऱ्या. दर फेरीला ऐंशी पावलं जादा. अकरा वर्षांत तू गाणगापूरला जाऊन आलीस, आणि पुन्हा निघून निम्म्या वाटेवर आहेस."

"अगं बाई," मी म्हणाले. अकरा वर्षांनी का होईना, माणसाच्या लक्षात आलं हे काही थोडं नव्हतं.

"मागच्या दारापासून तारेपर्यंत सरळ शहाबादी फरशी टाकू. फक्त तो चर मधे येतो. त्याचं काय करायचं? तुमच्या शास्त्रात काही सोय?"

धर्माचा प्रश्न आला की हे माझ्याकडे बघायचे, जसं फ्यूज गेला की मी त्यांच्याकडे बघायची. मला एका कीर्तनात ऐकलेलं आठवलं. महादेवाची पन्हळ गवत, लाकूड, पान किंवा दगड यांनी झाकलेली असली तर ओलांडायला दोष नाही. मी हळू आवाजात म्हणाले, "झाकला तर चालतो."

एवढंच म्हणाले. माझा दोष तेवढाच. गवंड्यानं मात्र झाकण्याचा अर्थ आपल्या परीनं घेतला. पिंडीपासून भिंतीपर्यंत चरात सिमेंट-खडी ओतली, वर फरशी बसवली, आणि उरलेल्या मालातून ह्यांनी भिंतीचं भोकही बुजवून घेतलं. "साप येतात," म्हणाले. पिंडीवर रोज जाणारं तांब्याभर पाणी, त्याला कितीशी वाट लागणार, असं आम्हा दोघांनाही वाटलं.

सासूबाई तेव्हा दोन महिने लेकीकडे धारवाडला होत्या. परत आल्या तेव्हा त्यांना जेमतेम दिसत होतं. डावा डोळा काचबिंदूनं आधीच नेला होता, उजव्यात मोतीबिंदू पिकत होता. भिंतीला हात लावत त्या प्राजक्तापर्यंत जायच्या आणि तशाच परत यायच्या. तारेकडे जायचं त्यांना कामच नव्हतं. चर गेला हे त्यांना कुणी सांगितलं नाही. मीही नाही. माझा नेम खोटं न बोलण्याचा होता, आपण होऊन बोलण्याचा नव्हता.

डोळ्यांचे डॉक्टर स्पष्ट बोलले होते. "दसऱ्याच्या आत ऑपरेशन करा. त्यापुढे आत दाब वाढला तर हाही डोळा जाईल, मग मी काही करू शकणार नाही."

"करू की," सासूबाई म्हणाल्या. "लाखोली पुरी झाली की करू."

त्यांची प्राजक्ताची लाखोली चालू होती. बागेतल्या महादेवाला एक लाख फुलं, स्वतः वेचून, स्वतः मोजून. शंभर फुलं झाली की बिस्किटांच्या डब्यात एक चिंचोका टाकायचा. हजार चिंचोके झाले की लाख. चार हंगाम झाले होते आणि डब्यात आठशे बारा चिंचोके होते. ऑपरेशननंतर महिनाभर वाकायचं नाही, म्हणजे हंगाम हातचा जाणार, आणि वयाच्या बहात्तराव्या वर्षी पुढच्या हंगामावर त्यांचा भरवसा नव्हता.

"रोज पाच-सहाशे पडतात," त्यांनी हिशेब सांगितला. "दसऱ्याच्या आत होतं आरामात."

झाडानं साथ दिली तर.

श्रावण लागला आणि आमच्या बागेचं तळं झालं. आधी बुटांत पाणी, मग घोट्यापर्यंत. गुलाब गेला, शेवंती गेली, अळू तेवढं खूश होतं. प्राजक्ताची पानं पिवळी पडून गळायला लागली. फुलं कमी कमी होत चारशेवर आली, मग दोनशेवर, आणि तीही चिखलात. चिखलातलं फूल देवाला कसं चालणार? मी झाडाखाली चार काठ्या रोवून ह्यांचं जुनं धोतर ताणून बांधलं. फुलं त्यावर पडायची आणि सासूबाई भिंतीलगतच्या कट्ट्यावरूनच धोतर चाचपून वेचायच्या.

"वैजू, बेडूक फार जवळ ओरडतायत गं," त्या एकदा म्हणाल्या.

"पाऊस बराच आहे, आई."

हे खोटं नव्हतं.

त्या चातुर्मासात मी आवाज न चढवण्याचा नवा नेम धरला होता. देवानं माझी परीक्षा घ्यायला नाडगौडा साहेबांना पाठवलं.

नाडगौडा साहेब आमच्या ह्यांचे मित्र. तीस वर्षं सरकारी नोकरीत त्यांनी पाणी एका जागेहून दुसऱ्या जागी नेलं होतं, बहुतेक सगळं कागदावर. निवृत्त झाल्यावर पोस्टानं वास्तुशास्त्राचा कोर्स केला होता आणि त्याचं सर्टिफिकेट बैठकीत महाराजांच्या फोटोशेजारी लावलं होतं. रविवारी सकाळी छत्री, गमबूट आणि होकायंत्र घेऊन ते आले. माझी पूजा नुकतीच आटोपली होती, म्हणून मला बोलायची मुभा होती.

"वहिनी, घरात आजारपण आहे?"

"सासूबाईंच्या डोळ्यांचं आहे."

"असणारच. नैऋत्येला पाणी साचलंय."

"उतार तिकडे आहे म्हणून साचलंय," मी म्हणाले.

"उतार ही भौतिक बाब झाली." त्यांनी होकायंत्र तळहातावर फिरवलं. "पाणी ईशान्येकडून गेलं पाहिजे. नैऋत्येकडून गेलं की घरातल्या वडीलधाऱ्यांना त्रास. पुस्तकात साफ दिलंय."

"पण ईशान्येला रस्ता आहे. तिकडे चढ आहे," मी म्हणाले.

"अगं, ते तज्ज्ञ आहेत," हे म्हणाले.

"चढ असला तर खोल खणू!" नाडगौडा साहेब उदारपणे म्हणाले.

खणायला हौसाक्काला बोलावलं. हौसाक्का आमच्याकडे माझ्या लग्नाआधीपासून यायची, निंदायला, खणायला, वर्षाचा कचरा काढायला. साठी उलटलेली, पण कुदळ अशी चालवायची की जमिनीनंच बाजूला सरावं. तिनं पदर खोचला, बागेकडे बघितलं, नाडगौडा साहेबांच्या बोटाकडे बघितलं, परत बागेकडे बघितलं.

"वैनी, पानी तिकडं चढावर जातंय व्हय?"

"साहेब म्हणतात जातं."

"मग जात आसंल. शिकल्याली मानसं." ती कुदळीवर हात ठेवून उभी राहिली. "थोरल्या बाईस्नी इचारलंय न्हवं?"

"त्यांना कशाला त्रास," हे म्हणाले. "त्यांना काय दिसतंय आता."

हौसाक्कानं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं ती काही बोलणार. पण तिनं थुंकीनं हात ओले केले आणि म्हणाली, "मला काय, सायेब म्हनतील तितं. उद्या आभाळात खण म्हनले तर शिडी तेवढी द्या."

दोन दिवस ती खणत होती. नाडगौडा साहेब कडेला खुर्ची टाकून चहा पीत होते आणि प्रवाहाबद्दल बोलत होते. मी चहा करत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी चर रस्त्याकडच्या भिंतीला भिडला. साहेबांनी स्वतः उठून कंपाउंडचे खालचे दोन दगड काढायला लावले.

आणि पाणी वाहू लागलं. फक्त बाहेरून आत. रस्त्याकडेचं कॉलनीचं गटार आमच्या बागेपेक्षा हातभर उंच होतं, त्याला आजवर कुणी बोलावलं नव्हतं. ते आलं. बरोबर एक रबरी चप्पल, नारळाची शेंडी आणि समोरच्या देशिंगकरांकडचं खरकटंही आलं.

हे पायजमा वर धरून मागे सरले. हौसाक्का कुदळ टाकून पायरीवर बसली आणि पदर तोंडाला लावला. हसत होती की काय, मला कळलं नाही, कारण मीही पदरच लावला होता.

नाडगौडा साहेब मात्र हलले नाहीत. थोडा वेळ बघून म्हणाले, "ईशान्येकडून पाणी येणं हेही शुभच असतं. लक्ष्मीचं आगमन."

मी देवाला मनातल्या मनात सांगितलं, नेम फार अवघड आहे, पुढच्या चातुर्मासात वांगी सोडते. आणि मग हळू आवाजात विचारलं, "साहेब, लक्ष्मी किती दिवस राहील?"

दगड परत लावून गटार बंद करेपर्यंत संध्याकाळ झाली. प्राजक्ताच्या बुंध्याला आता वीतभर पाणी होतं आणि त्याला वास येत होता. अर्धं झाड उघडं पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा आटोपून मी सासूबाईंशेजारी फुलं मोजायला बसले. त्या मोजायच्या आणि मी फक्त परडी धरायची, मोजायला त्या मला हात लावू द्यायच्या नाहीत. त्या दिवशी मोजणं लवकर संपलं. त्यांनी परडी चाचपली. तळ चाचपला.

"त्रेसष्ट," त्या म्हणाल्या. चिंचोका हातात धरलेला होता, तो त्यांनी परत वाटीत ठेवला.

मग मान वळवून, न दिसणाऱ्या डोळ्यांनी बरोबर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "वैजू, चर वाहतोय ना गं?"

आता त्यांनी विचारलं होतं.

"नाही आई. चर बुजवला."

"कुणी?"

"फरशी टाकली त्यावर. वैशाखात. भिंतीचं भोकही बंद केलं. पण झाकला तर चालतो असं मीच म्हणाले होते. झाकलेली पन्हळ ओलांडायला दोष नाही म्हणून."

मी सगळं एका दमात सांगितलं, गाणगापूरच्या हिशेबासकट. मला वाटलं त्या रागावतील, देवाचा कोप झाला म्हणतील. त्या हसल्या. तोंडाला पदर लावून, खांदे हलवून हसल्या. मग डोळे पुसले.

"म्हणजे तुझ्या भक्तीनं बुडवलं म्हण."

"मी महादेवाची क्षमा मागीन, आई. अभिषेक करू."

"महादेवाचा काय संबंध?" त्या म्हणाल्या. "दार लाव आधी."

मी स्वयंपाकघराचं दार लावायला उठले. ते वाऱ्यानं आपटू नये म्हणून त्याला एक काळा दगड लावलेला असायचा. मी नेहमीप्रमाणे तो पायानं सरकवला आणि दार लावून घेतलं.

"हे घर बांधलं आणि पहिल्याच पावसाळ्यात बागेत असंच तळं झालं," त्यांनी आवाज खाली आणला. "माझ्या माहेरी शेतात असं झालं तर आमचे काका काय करायचे माहीत होतं मला. उताराच्या अंगानं कमरेइतका खोल चर खणायचा, त्यात गोटे भरायचे, वर बारीक खडी. जमिनीतलं पाणी गोट्यांतून झिरपत जातं आणि बाहेर पडतं. तुझ्या सासऱ्यांना सांगितलं. ते हेडमास्तर. म्हणाले, 'बागेत गटार? आणि बायकांनी सांगायचं?' मग ते पेपर तपासायला पुण्याला गेले आठ दिवस. मी आणि हौसानं खणला."

"हौसाक्कानं?"

"मग काय. दिवसभर दोघी कंबर मोडेपर्यंत. ते आले आणि दुसऱ्या दिवशी गडी लावून बुजवला. पुढच्या वर्षी मी परत खणला, त्यांनी परत बुजवला. बाग परत बुडाली. तिसऱ्या वर्षी ते गावाला गेले तेव्हा मी खणला आणि त्याच्या तोंडाशी महादेव बसवला. ते आल्यावर सांगितलं, खणताना निघाला."

मौन नसताना माझी वाचा गेली ती तेवढीच एक वेळ.

"हेडमास्तरांनी चप्पल काढून हात जोडले," सासूबाई म्हणाल्या. "मी सांगितलं, हे देवाचं पाणी, ह्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडायचा नाही. पाय पडला की काठ ढासळतो, माती गोट्यांत बसते, चर तुंबतो. पण तसं सांगून कुणी ऐकलं असतं? माझं ऐकणारं घरात कोण होतं? त्याचं ऐकलं. तीस वर्षं."

"मग पिंडी..." मी कशीबशी म्हणाले. "कुठून आणली?"

"वरवंटा आहे तो. मोडलेला. अर्धा."

"आणि शाळुंका?"

"फुटकं उखळ. एका बाजूनं काठ गेला होता त्याचा, पाणी जायला बरा."

अकरा वर्षं. अकरा वर्षांचे सोमवार, रोजचं तांब्याभर पाणी, महाशिवरात्रीचे चार प्रहर. मी काय विचारावं? तोंडून भलतंच निघालं.

"वरवंट्याचा दुसरा अर्धा कुठे आहे?"

"आत्ता पायानं सरकवलास तो," सासूबाई म्हणाल्या.

मी दाराकडे बघितलं. काळा, गुळगुळीत, बरोबर तेवढाच. एकाच दगडाचे दोन तुकडे. एकाला मी रोज डोकं टेकवत होते आणि दुसऱ्याला रोज लाथ.

"मग ही लाखोली कुणाला, आई?" माझा आवाज चढला असावा. नेम मोडला. "डोळा घालवून बसलात तुम्ही. एका वरवंट्यापायी?"

त्या परडीतल्या फुलांवरून हात फिरवत होत्या.

"आधी नाटकच होतं गं. ते बघत असायचे म्हणून रोज पाणी घालायचं, दोन फुलं ठेवायची. नुसतं पाणी कसं घालणार, म्हणून नाव घ्यायचं. मग नाव घेता घेता एकेक सांगायला लागले. दिगूला, तुझ्या नवऱ्याला, लहानपणी विषमज्वर झाला तेव्हा तिथेच बसले होते. धारवाडची अडली होती तेव्हाही. तुझे सासरे गेले त्या दिवशी घरात माणसं होती, रडायला जागा नव्हती, म्हणून तांब्या घेऊन बागेत गेले. तीस वर्षं त्यानं सगळं ऐकून घेतलं. आता त्याला कुठल्या तोंडानं सांगू की तू वरवंटा आहेस?"

बाहेर बेडूक ओरडत होते. पडवीच्या पायरीपर्यंत आले होते.

"चर उघडायचा, आई," मी म्हणाले. "आजच ह्यांना सांगते. कमरेइतके गोटे आहेत म्हटल्यावर..."

"काय सांगशील? आईनं खणलेलं गटार आहे? त्यावर त्या नाडगौडाला बसवील तो." त्यांनी माझं मनगट पकडलं. "दिगूला यातलं काही कळता कामा नये. कळलं तर या वर्षी उघडेल आणि पुढच्या वर्षी परत फरशी टाकील. त्याच्या बापाचंच डोकं आहे त्याला. देवाचं आहे म्हणूनच ते राहील. तू कर. भिंतीचं भोक आधी उघड, मग वर वर येत सिमेंट फोड. खालचे गोटे असतील अजून."

"करते. पण तुम्ही डॉक्टरांकडे यायचं. पुढच्या सोमवारी."

"लाखोली..."

"झाडच राहिलं नाही तर कुठली लाखोली? आणि तोवर डोळा राहणार नाही. चर मी उघडते, तुम्ही यायचं. नाहीतर ह्यांना सगळं सांगते, वरवंट्यासकट. मी खोटं बोलत नाही, तुम्हाला माहीत आहे."

माझ्यासारख्या हळू बोलणाऱ्या बाईनं सासूला धमकी दिली. मग त्यांनी चिंचोक्यांचा डबा शोधला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"उरलेली तू वाहायची," त्या म्हणाल्या. "मोजून. अंदाजानं नाही."

"मोजून."

"वरवंटा आहे हे माहीत असून?"

मी डबा कडेला घेतला आणि म्हणाले, "सोमवारी सकाळी नऊ वाजता रिक्षा सांगते."

त्या रात्री मला एकच काळजी होती. ह्यांनी विचारलं की चर उघडायला कुणी सांगितलं, तर काय सांगायचं? खरं सांगायचं नाही असं सासूबाईंशी ठरलं होतं, खोटं न बोलण्याचा नेम होता. नाडगौडा साहेबांचं कुठलंही पुस्तक यात कामाला येण्यासारखं नव्हतं. पहाटे आंघोळ करताना सुचलं. पूजा होईपर्यंत मला मौन असतं. पूजा किती वाजता करायची हे कुठल्याच व्रतात सांगितलेलं नाही.

सकाळी पुढच्या अंगणात हे आणि नाडगौडा साहेब कागद पसरून उभे होते. दुसरा टप्पा ठरत होता. आग्नेयेला पंप बसवावा की वायव्येला, यावर चर्चा होती. मी ओल्या साडीचा पदर खोचून, खांद्यावर हौसाक्काची कुदळ घेऊन समोर उभी राहिले.

"हे काय?" हे म्हणाले. "अगं, कुठे?"

मी मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं.

"नैऋत्येला?" नाडगौडा साहेब दचकले. "वहिनी, भलतंच! तिकडून वाट दिलीत तर वडीलधाऱ्यांना..."

मी कुदळ खाली ठेवली, वळून प्राजक्ताखालच्या पिंडीकडे बघितलं आणि दोन्ही हात जोडले. डोळे मिटले. थोडा वेळ मिटलेलेच ठेवले.

"हिला मौन आहे," हे हळूच साहेबांना म्हणाले. मग त्यांचा आवाज बदलला. "वैजयंती... काही दिसलं का तुला? रात्री? त्यानं काही सांगितलं? चर?"

मी डोळे उघडले नाहीत. होही म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही. मौनाची ही मोठी सोय आहे.

"दृष्टांत," हे कुजबुजले.

नाडगौडा साहेबांनी गमबूट काढायला घेतले. एक निघेना, तर ओढत ओढत फरशीवर बसले. "देवाची आज्ञा असेल तर दिशा गौण आहे," ते म्हणाले. "पुस्तकात तसा अपवाद दिलाय."

दिला नसेल तर पुढच्या आवृत्तीत देतील. मी कुदळ उचलली, पण छिन्नी-हातोड्याची पिशवी स्वयंपाकघरात राहिली होती, म्हणून आधी आत गेले. दार वाऱ्यानं अर्धं मिटलं होतं. मी खाली बसून दाराचा तो काळा दगड दोन्ही हातांनी उचलला, पदरानं पुसला आणि बाजूला, तुळशीच्या तांब्याशेजारी ठेवला. पिशवी घेऊन बाहेर आले.

भिंतीच्या त्या भोकाकडे जायला मागच्या दारापासून तारेपर्यंत, चरावरून, आता सरळ फरशी होती. बारा पावलं. झाकलेली, म्हणून निर्दोष. वैशाखापासून मी त्यावरूनच जात होते. खिडकीत सासूबाई बसल्या होत्या, रिकामी परडी मांडीवर, कान बाहेर.

"कोण, वैजू?"

मी कुदळीचा दांडा पायरीवर एकदा वाजवला.

"बरं," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, सवयीनं, "आणि हे बघ, ओलांडून..."

पुढचं मला ऐकू आलं नाही. मी कुदळ खांद्यावर घेऊन घराला वळसा घातला होता, फाटकासमोरून, जाईच्या मांडवाखालून.